‘मन घट्ट करा’ या उपदेशाविरुद्ध

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणारा आपला मराठी समाज आजाऱ्याच्या बाबतीत निष्ठुर नाही. कोणाला मधुमेह जडला तर कोणता डॉक्टर बरा, ज्वारीचे पीठ कोणत्या दुकानी मिळते, हे सांगणारे दहाजण महाराष्ट्र मंडळाच्या एका बैठकीत भेटतात. कोणाच्या छातीत मध्यरात्री कळ आली तर शेजारच्या क्वार्टरमधले गृहस्थ अंगावरच्या कपड्यांनिशी गाडी काढतात. परंतु त्याच मंडळातला एखादा सभासद दोन-दोन महिने रात्री डोळे उघडे ठेवून पडून राहतो, चारचौघांत बसला असता एकाएकी उठून जातो, त्याला जगणे नकोसे झाले असल्याची शंका त्याच्या पत्नीला येते, तेव्हा त्याच दहाजणांपाशी एकच औषध असते: ‘मन घट्ट करा.’ या तीन शब्दांविरुद्ध आम्हांला येथे भांडावयाचे आहे. हा उपदेश निरुपयोगी आहे एवढेच आमचे म्हणणे नाही; तो अपायकारक आहे, असे आमचे मत आहे.

उपदेश करणारी मंडळी दुष्ट असतात असे आम्ही म्हणत नाही. बहुधा ती सुविद्य आणि प्रेमळ असतात. शिस्तीने वागून वर आलेली असतात. त्यांचे युक्तिवाद चार आहेत. मनाची तक्रार म्हणजे इच्छाशक्तीचा अभाव, हा पहिला. ही सारी अलीकडची खुळे आहेत, आमच्या वडिलांच्या वेळी असले काही नव्हते, हा दुसरा. उपाय हवाच असेल तर तो भक्तीत, व्यायामात, हवापालटात आणि वेळप्रसंगी लग्नात आहे, हा तिसरा. आणि हे सर्व लटके ठरले तरी नोकरीच्या दृष्टीने हा विषय झाकून ठेवणेच शहाणपणाचे, हा चौथा. चारही युक्तिवाद तपासून पाहण्यासारखे आहेत.

प्रथम इच्छाशक्तीचा प्रश्न घेऊ. असा एखादा अधिकारी वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा, की जो वीस वर्षे चोख काम करीत आला आहे. त्याची बदली दूरच्या प्रांतात होते. काही महिन्यांनी त्याच्या लक्षात येते की टेबलावरची एकच टिप्पणी आपण चार वेळा वाचली आणि तिचा अर्थ डोक्यात शिरला नाही. पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा झोप न लागण्यासाठीच. जेवण बेचव लागते. ज्या गाण्यासाठी तो पाच मैल जात असे ते रेडिओवर लागले तरी त्याला ते ऐकवत नाही. डोके दुखते, पित्त होते, अंग मोडून येते. रक्त, लघवी, हृदयाचा आलेख, पोटाची दुर्बीण या सर्व तपासण्या होतात. सर्व अहवाल निर्दोष येतात. डॉक्टर हसून म्हणतात, ‘टेन्शन आहे, दुसरे काही नाही.’ आणि घरी परतताना त्याच्या मनात एकच विचार असतो: आपण नालायक आहोत, आपला सर्वांना भार झाला आहे.

वैद्यकशास्त्रात या स्थितीला नाव आहे. मनाची खिन्नता किंवा कशातच रस न वाटणे हे दोन आठवडे वा अधिक काळ जवळजवळ दररोज टिकले. त्याच्या जोडीला झोप आणि भूक बिघडली, थकवा आला, लक्ष लागेनासे झाले, हालचाल मंदावली किंवा उलट अस्वस्थ येरझारा सुरू झाल्या, अकारण अपराधी वाटू लागले, मरणाचे विचार येऊ लागले, तर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. प्रियजनाच्या वियोगाचे दुःख निराळे, बढती चुकल्याचा विषाद निराळा. त्या दुःखात माणूस रडतो, आठवणी काढतो, मधूनच हसतोही. या आजारात तो कित्येकदा रडूही शकत नाही.

आता लक्षात घ्यावे की स्वतःला दोष देणे हे या आजाराचे कारण नसून लक्षण आहे. असा मनुष्य आधीच रात्रंदिवस स्वतःला बजावीत असतो की मन घट्ट कर. तेच आपण बाहेरून ऐकवितो, तेव्हा त्याच्या आजाराने त्याच्याविरुद्ध लिहिलेल्या आरोपपत्रावर आपण साक्षीदार म्हणून सही करतो. अंगात ताप असलेल्यास ‘निश्चय करून ताप उतरव’ असे कोणी सांगत नाही. आणि समजा सांगितलेच, तर ताप निदान त्या उपदेशाने वाढत तरी नाही. हा आजार वाढतो.

आणि आजार हा एकच नव्हे. एखाद्यास बाजारात उभे असताना अचानक धडधड, घाम, श्वास कोंडणे आणि ‘आता मी मरणार’ ही भीती असा झटका येतो. तो काही मिनिटांत कळसाला पोहोचतो आणि ओसरतो. हृदय धडधाकट निघते, पण तो मनुष्य पुन्हा त्या बाजारात पाऊल टाकीत नाही. दुसरा सहा-सहा महिने प्रत्येक गोष्टीची चिंता वाहत असतो. तिसऱ्याला मंत्रचळ लागतो: कुलूप दहा वेळा ओढून पाहणे, हात सालपटे निघेपर्यंत धुणे. आपल्या घरांत सोवळेओवळे असल्यामुळे हा आजार पावित्र्याच्या पांघरुणाखाली वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. चौथ्याला कोणी नसता आवाज ऐकू येतात, आपल्याविरुद्ध कट चालला आहे अशी खात्री वाटते. हा छिन्नमनस्कतेचा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो आणि ‘अभ्यासाचा ताण’ म्हणून त्याची पहिली मोलाची वर्षे वाया जातात. पाचव्याच्या आयुष्यात उन्माद आणि नैराश्य आळीपाळीने येतात. उन्मादाच्या भरात तो रात्र-रात्र जागून योजना आखतो, पैसा उधळतो, आणि आपण म्हणतो, काय उत्साही माणूस आहे!

येथपर्यंत आम्ही अधिकाऱ्याविषयी लिहिले. परंतु बदलीचा हुकूम एकट्याच्या नावे निघत असला तरी तो साऱ्या घरावर बजावला जातो. पुरुषाला नव्या गावी निदान कचेरी मिळते, हाताखालची माणसे मिळतात, हुद्दा मिळतो. पत्नीला मिळतो तो एक क्वार्टर. स्वतःची नोकरी सोडून आलेली सुशिक्षित स्त्री तेथे दिवसाचे दहा तास कोणाशी बोलत नाही. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी जाते ते ठीकच. परंतु दोन-तीन महिन्यांचे मूल घेऊन ती परत येते तेव्हा आई नाही, मावशी नाही, शेजारणीची भाषा अर्धीमुर्धी समजते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांतले रडू बहुधा दोन आठवड्यांच्या आत आपोआप थांबते. जे थांबत नाही, किंवा पुढे काही आठवड्यांनी, महिन्यांनी सुरू होते, तो आजार होय. त्या आईला मुलाकडे पाहून काही वाटत नाही, कधी मुलाला इजा होईल असे विचार मनात घुसतात आणि तिचा थरकाप होतो. हे ती कोणाला सांगणार? ‘सोन्यासारखे मूल झाले आहे आणि हिला रडायला काय झाले?’ असे विचारणाऱ्या घराला? तिचे मौन हे आपण समाधान समजतो.

तीच गत मुलाकडे राहावयास आणलेल्या वृद्ध वडिलांची. गावी त्यांना पार होता, वाचनालय होते, ‘काय आबा, कसं काय?’ म्हणणारे दहाजण होते. येथे आठव्या मजल्यावरचा सज्जा आहे. ते बोलेनासे होतात, विसरू लागतात, जेवण टाकतात, आणि आपण म्हणतो, वयच झाले. त्यांतला काही भाग खरोखर वयाचा असेल; परंतु वृद्धपणीचे नैराश्य स्मृतिभ्रंशासारखे दिसते आणि ते उपचाराने बरे होऊ शकते, ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे किती वडीलधारी माणसे जिवंतपणीच घराच्या हिशेबातून वजा होत असतील!

‘पूर्वी असले काही नव्हते’ हा दुसरा युक्तिवाद फार काळ टिकणारा नाही. चरकसंहितेत उन्मादाची कारणे आणि चिकित्सा यांस स्वतंत्र अध्याय आहेत. चिकित्सेचे जे तीन प्रकार तेथे सांगितले आहेत त्यांत औषधाच्या बरोबरीने ‘सत्त्वावजय’, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरण्याची चिकित्सा, गणली आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे आहे. ते रिकाम्या खोल्यांसाठी कोणी बांधले नव्हते. मराठी माणूस ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला पाठवा’ असा विनोद करतो. उत्तरेत तोच विनोद आग्र्याच्या आणि रांचीच्या नावाने चालतो. ज्या समाजात हा आजार नव्हता त्या समाजाला इतक्या गावांची नावे तोंडपाठ कशी झाली? बंगळूरच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत जे राष्ट्रीय सर्वेक्षण केले, त्यात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले. आणि निरनिराळ्या विकारांच्या रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळालेले नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पंजाब, राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, पश्चिम बंगाल, आसाम होती, म्हणजे जेथे आपल्या बदल्या होतात तीच राज्ये होती. शंभर माणसांच्या मंडळात आठ-दहाजण असे असतील, ही कल्पना म्हणूनच मुळीच अतिशयोक्त नव्हे.

भक्तीचा मुद्दा नाजूक आहे, आणि आम्ही तो उपहासाने घेणार नाही. सत्संग, नियमित व्यायाम, दिनचर्या, माणसांचा सहवास यांनी मनाला बळ येते. सौम्य नैराश्यात व्यायामाचा गुण शास्त्रानेही मान्य केला आहे. परंतु मनाचे श्लोक समर्थांनी मनाला उद्देशून रचले. दुसऱ्याच्या आजारी मनावर फेकून मारण्यासाठी नव्हे. आणि ज्यांना गीतेचा आधार हवा असेल त्यांनी दुसऱ्या अध्यायाचा आरंभ पुन्हा वाचावा. अंग गळाले आहे, तोंडाला कोरड पडली आहे, हातातून धनुष्य गळते आहे, अशा अर्जुनाला श्रीकृष्णही प्रथम ‘हे दुबळेपण टाक’ असेच सांगतात. त्याचा परिणाम काय झाला? अर्जुन ‘मी लढणार नाही’ म्हणून गप्प बसला. साक्षात भगवंतांचा ‘मन घट्ट कर’ हा उपदेश लागू पडला नाही, आणि मग पुढे अठराव्या अध्यायापर्यंत त्यांना संवाद करावा लागला. शंका ऐकाव्या लागल्या, त्यांची उत्तरे द्यावी लागली. अर्जुन रुग्ण होता असे आम्ही म्हणत नाही; परंतु धिक्काराने जे झाले नाही ते संवादाने झाले, हे तर आपल्या धर्मग्रंथानेच सांगितले आहे.

लग्न हा उपाय मात्र सरळसरळ निषेधार्ह आहे. एका आजाऱ्याला औषध म्हणून एक परका जीव देणे, आणि तोही आजार लपवून, यात दोन आयुष्ये पणाला लागतात. देवस्थानी नेऊन बांधून ठेवण्याचा उपाय कोठवर जातो हे ६ ऑगस्ट २००१ रोजी देशाला दिसले. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका खाजगी निवासाला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले रुग्ण जागच्या जागी होरपळले. २८ जण गेले. त्यांना तेथे आणून सोडणारे त्यांचे वैरी नव्हते, आप्तच होते.

मग उपचार आहे तरी काय? तो दोन प्रकारचा आहे, आणि पुष्कळदा दोन्ही मिळून करावा लागतो. औषधांच्या इतिहासात आपल्या देशाचाही वाटा आहे. सर्पगंधेचा उन्मादावरील उपयोग गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध केला. पुढे १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझीन आणि त्याच दशकात नैराश्यावरील पहिली औषधे आली, आणि ज्यांचे आयुष्य भिंतींआड जावयाचे ते घरी राहू लागले. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही ती निदान सहा महिने चालू ठेवावी लागतात. ‘सवय लागते’ ही भीती झोपेच्या आणि तात्काळ शांतवणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत खरी आहे. गंमत अशी की त्याच गोळ्या आपण औषधाच्या दुकानातून बिनदिक्कत मागून आणतो, आणि ज्यांची तशी सवय लागत नाही ती औषधे मात्र आठव्या दिवशी मनाने बंद करतो. विजेच्या उपचाराविषयी चित्रपटांनी पसरविलेली दहशतही शिळी झाली आहे. आज तो भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावाचून करण्यास कायद्यानेच मनाई आहे, आणि काही गंभीर रुग्णांचे प्राण त्याने वाचतात.

दुसरा प्रकार संवादाचा. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि आरॉन बेक यांनी त्यानंतरच्या दशकात जी पद्धती घडविली, तिचे सूत्र असे की घटना आणि भावना यांच्यामध्ये विचार उभा असतो, आणि तो तपासता येतो. ‘बढती हुकली, म्हणजे मी कुचकामी’ या वाक्यातील ‘म्हणजे’ला आव्हान द्यावयास रुग्णाला शिकविले जाते, अंथरुणात पडून राहण्याऐवजी रोज एक लहानसे ठरलेले काम करावयास लाविले जाते. मंत्रचळाच्या रुग्णास, ज्याची भीती वाटते त्याच्या समोर पायरीपायरीने उभे करून हात न धुता राहावयास शिकवितात. हे बहुधा बारा ते वीस बैठकींचे काम असते. ही शिकवणी आहे, शिक्षा नव्हे. आणि कुटुंबाला त्यात स्थान आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून बरोबर राहावयास लावले. आप्त जवळ असले की रुग्ण लवकर सुधारतो, आणि आप्तांनाही आजार समजतो, हे त्यांनी दाखवून दिले.

येथे एक अडचण आहे ती खास आपली. आपला अधिकारी कचेरीत इंग्रजी लिहितो, बाजारात हिंदी बोलतो. परंतु त्याला ‘करमत नाही’ ते मराठीत. हुरहूर, घुसमट, उबग, पोटात खड्डा पडणे, जीव टांगणीला लागणे यांतील प्रत्येक शब्द निराळी अवस्था सांगतो. त्या सर्वांची तो परक्या भाषेत मोट बांधून ‘टेन्शन’ एवढेच सांगतो, आणि सल्लागारही तेवढ्यावरच उपचार करतो. ज्या चिकित्सेचे साधनच शब्द आहे, तिला मातृभाषा ही चैन नव्हे.

राहिला चौथा युक्तिवाद, नोकरीचा. सेवापुस्तकाची भीती आम्ही समजू शकतो. परंतु ती पुष्कळशी अज्ञानाची आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मानसिक आजारालाही लागू आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्यास काढू नये, खालच्या पदावर ढकलू नये, ते काम जमत नसल्यास त्याच वेतनावर दुसरे द्यावे, असे त्याचे विसावे कलम सांगते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्यावरील शिस्तभंगाची कारवाई रद्द केली, ती त्याच्या वर्तनामागील कारणांत मानसिक आजार हेही एक होते हे ओळखूनच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला, विम्यात शारीरिक आजाराइतकेच स्थान दिले, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी साहाय्य द्यावे असे ठरविले.

कायद्याने कुजबुज थांबत नाही, हे आम्हांला मान्य आहे. परंतु कुजबुजणारे कोण? रजेच्या अर्जावर ‘नैराश्य’ हा शब्द वाचून भुवया उंचावणारे कोण? हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या टेबलावर असे अर्ज येतात. कनिष्ठाने ‘कावीळ’ लिहिले तर आपण विश्रांती घ्या म्हणतो. ‘चिंताविकार’ लिहिले तर महत्त्वाची फाईल त्याच्याकडून हळूच काढून घेतो. मग तो पुढच्या वेळी खोटे पोटदुखीचे प्रमाणपत्र आणतो, आणि आपण सगळे मिळून एका खोट्या कागदाला मान्यता देतो. व्यवस्था बदलत नाही म्हणून आपण सुस्कारे टाकतो. व्यवस्था पुष्कळदा आपल्याच सहीने चालत असते.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक गावच्या महाराष्ट्र मंडळाने, जसा पुरोहितांचा आणि रक्तदात्यांचा पत्ता ठेविला जातो, तसा मराठी समजणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांचा आणि प्रशिक्षित समुपदेशकांचा पत्ता ठेवावा. व्याख्यानमालेतील एक व्याख्यान दरवर्षी या विषयास द्यावे. नव्याने बदलून आलेल्या घरी पहिल्या महिन्यात कोणी तरी जाऊन यावे, बाळंतीण असेल तर अवश्य जावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालू आहे, आणि तीत मराठीचीही सोय आहे; तो क्रमांक मंडळाच्या सूचनाफलकावर असावा.

आणि आणखी एक. कोणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे बोलला, कागदपत्रे आवरू लागला, जवळच्या वस्तू वाटू लागला, तर विषय बदलू नये. ‘तुमच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत खोटी आहे. विचारल्याने पुष्कळांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर काहीही येवो, ते ऐकून घ्यावे, त्याला एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी त्याला घेऊन डॉक्टरकडे जावे. छातीत कळ आलेल्यासाठी आपण मध्यरात्री गाडी काढतोच. ती याच्यासाठीही काढावी.